ओटीत ड्रॅगनचं अंडं

माझ्या नणंदेचं माहेर मोडलं ते तिच्या लेकीच्या लग्नाच्या मांडवात, आणि मी ते परत उभं केलं ते मोबाईलमधल्या एका खेळात. शाळेतल्या पोरानं निबंधात असं वाक्य लिहिलं असतं, तर मी शेजारी लाल शाईनं ‘काहीतरीच’ असा शेरा मारला असता. मी सकाळच्या शाळेत मराठी शिकवते, मला तो अधिकार आहे. पण झालं तसंच. कुणाला सांगायला जावं तर माणसं आधी हसतात, म्हणून लिहिते.

नणंदेला मी वन्सं म्हणायची. माझ्याहून वयानं लहान, पण नात्यानं मोठ्या, म्हणून ‘अहो वन्सं’. त्यांना जयसिंगपुरात दिलेलं. धान्याचं दुकान, दीर-जावा सगळे एका छपराखाली, घर सदा भरलेलं. नवऱ्याला मी मालक म्हणते. सासूबाई सासऱ्यांना म्हणायच्या म्हणून मीही. खरी मालकी कुणाची ते दारातल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. मालकांचं कोल्हापुरात पंप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बहिणीवर त्यांचा फार जीव होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं वाचताना तसं वाटणार नाही.

आमच्याकडे लग्नात मामाचा मान मोठा. नवरीला बोहल्यावर आणायचं मामानं, अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं मामानं, आणि नवरीच्या अंगावर एक साडी मामाची. वन्संच्या लेकीच्या लग्नाला आम्ही निघालो, हातकणंगल्यापर्यंत पोचलो, आणि माझ्या ध्यानात आलं की मामाची साडी घरात पलंगावरच राहिली. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण मालक गाडीतून उतरले. म्हणाले, ‘‘मामाची साडी मामानंच आणाय पायजे. तुम्ही व्हा फुडं.’’ आणि एका ओळखीच्याची मोटारसायकल मागून ते परत कोल्हापूरला गेले.

येताना रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली होती. हंगामाचे दिवस, दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबलेल्या. तिकडं मांडवात मुहूर्त जवळ आला. वन्सं मांडवाच्या दारात उभ्या राहून गुरुजींना, दिरांना, व्याह्यांना, ज्याला त्याला एकच सांगत होत्या, ‘‘थांबा की वाईच. दादा येतोय माझा. रस्त्यात कायतरी आडवं आलं आसंल.’’ मी शेजारीच होते. थोरल्या दिरांनी घड्याळाकडं बघून सांगितलं, मुहूर्त कुणासाठी थांबत न्हाय. वन्संच्या नवऱ्याच्या एका चुलतभावाला मामा म्हणून उभं केलं आणि मंगलाष्टका सुरू झाल्या.

मालक पोचले तेव्हा पंगती बसत होत्या. घामानं भिजलेला शर्ट, हातात ती साडीची पिशवी. त्यांनी बोहल्याकडं एकदा बघितलं, पिशवी एका खुर्चीवर ठेवली आणि मागं वळले. वन्सं धावत मागं गेल्या. ‘‘दादा, जेवून तरी जा की.’’ मालक म्हणाले, ‘‘मामा हुबा हाय की तुमचा. त्याला वाढ.’’ आणि घरी आल्यावर बूट काढता काढता बोलले, ‘‘ह्या उंबऱ्यावर तिचा पाय पडाय नको.’’

त्या मांडवाच्या दारात काय घडलं ते मी त्यांना सांगितलं. एकदा नाही, अनेकदा, रडून आणि भांडून. पण कोल्हापूरच्या माणसाला तोंडातून गेलेला शब्द मागं घेणं म्हणजे कुस्तीत पाठ टेकल्यासारखं वाटतं. ‘‘तिनं मंडप अडवून बसायचं हुतं,’’ एवढंच म्हणायचे. वन्संही त्याच घरच्या. ‘‘दादानं एक फोन करावा, मग येती की मी पळत.’’ दोघं दोन टोकांना बसून राहिले, आणि मध्ये मी, दोघांच्या नावानं बोटं मोडत. माझा राग मुहूर्तावर होता, ट्रॉलीवर होता, पलंगावर राहिलेल्या साडीवर होता. राग ठेवायला जागा पुरत नव्हती.

फोनवर बोलायचं तर वन्संच्या घरात भिंतींना नव्हे, जावांनाच कान. ‘‘काय म्हणतंय माहेर? हाय का अजून?’’ असं कुणीतरी विचारायचंच. माझी लेक पुण्याला शिकते. आत्याचंही तोंड पडलेलं आणि आईचंही, हे बघून सुट्टीत आली तेव्हा तिनं दोघींच्या मोबाईलवर एक खेळ घालून दिला. म्हणाली, ‘‘हितं भेटा. कुणाला ऐकू जात न्हाय.’’

तो खेळ जगभरातली माणसं एकाच वेळी खेळतात. एक मोठं राज्य आहे, त्यात जंगलं, डोंगर, राक्षस, ड्रॅगन. आपण आपलं एक माणूस घडवायचं आणि त्याला त्या राज्यात चालवायचं. लढायचं असेल तर लढा, नाहीतर मासे धरा, गहू पेरा, भाकरीसारखे पाव भाजा, घर बांधा. मी वैद्यीण झाले, कारण वैद्यिणीचे कपडे अंगभर होते. वन्संनी मात्र हातोडावाली बाई घेतली. माणसाएवढा हातोडा खांद्यावर, दंड असे की आमच्या तालमीतल्या पोरांनी मान खाली घालावी. घरात पदर सावरत सासऱ्यांना चहा देणारी बाई, दुपारी सगळे झोपले की तिकडं राक्षसांच्या टाळक्यात हातोडा हाणायची. मी विचारलं तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून उत्तर आलं, ‘‘एकेकाचं त्वांड थोरल्या दिरावानी दिसतंय गं.’’

तिथं आम्ही अहो-जाहो सोडलं. अगं-तुगं करायला लागलो. एवढ्या वर्षांत समोरासमोर जमलं नव्हतं ते.

नदीच्या काठी एक दगडी घाट होता, पंचगंगेच्या घाटाला धाकटा भाऊ शोभेल असा. तिथं मी घर बांधलं. एक खोली, चूल, दारात उंबरा. हळूहळू आमची एक टोळी जमली, कोण कुठल्या देशातले, एक बुटका दाढीवाला, दोन तिरंदाज, एक कायम झोपाळू जादूगार. आम्ही दोघी पन्नाशीला टेकलेल्या बायका आहोत हे त्यांना बरेच दिवस माहीत नव्हतं. शिकारीला जाताना वन्सं पुढं, मी मागून जखमा बांधत. शिकारीहून आलं की सगळे माझ्या घरी पाव खायला.

खेळ बनवणारे दर आठवड्याला खेळाडूंच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. ती उत्तरं मी पेपरातल्या भविष्यासारखी वाचायची. लोक विचारायचे, ड्रॅगनचे पंख मोठे करणार का, पावसात मासे जास्त लागतील का. वन्संनी विचारलं, घाटावर दिवे सोडता येतील का? उत्तर आलं, ‘‘छान कल्पना आहे. आमच्या यादीत आहे.’’ त्यांचं निम्म्या प्रश्नांना हेच उत्तर असायचं. आम्हाला ते इतकं आवडलं की आमची ती म्हणच होऊन गेली. मी लिहायची, ‘‘जेवलीस का?’’ ती लिहायची, ‘‘यादीत आहे.’’ मी म्हणायची, मालकांना एकदा बोलते तुझ्याबद्दल. ती म्हणायची, ‘‘यादीत हाय म्हण.’’

पहिली नागपंचमी आली. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात, मग त्या साठीच्या का असेनात. दुपारी वन्संचं लिहिलेलं आलं, ‘‘सगळ्या जावा गेल्या माहेरला. घरात मी एकटीच.’’ मी लिहिलं, ‘‘ये की मग घाटावरच्या घरी.’’ आली. हातोडा दाराबाहेर ठेवून उंबरा ओलांडून आत आली. मी पाव भाजले, मासे वाढले, दोघी नदीकडं बघत बसलो. निघायची वेळ झाली. लेक माहेरातून रिकाम्या ओटीनं कशी जाऊ द्यायची? ती भरायची तर भावजयीनंच.

मी झोळीतलं कापड काढलं. पण त्या खेळात कुणाला काही नुसतं देता येत नव्हतं. एक तर जमिनीवर टाकायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं, नाहीतर देवाणघेवाणीची चौकट उघडायची. मी कापड जमिनीवर टाकलं. वन्संनी उचललं नाही. लिहिलं, ‘‘ओटी भुईवर टाकत्यात व्हय गं?’’ तेवढ्यात आमचा बुटका दाढीवाला कुठून तरी आला आणि कापड उचलून पसार झाला. दोघी हसून हसून बेजार झालो.

मग चौकट उघडली. तिला दोन बाजू. एका बाजूला मी देणार ते, दुसऱ्या बाजूला तिनं द्यायचं ते. दोन्ही बाजू भरल्याशिवाय खालचं बटण पेटायचंच नाही. फसवाफसवी होऊ नये म्हणून खेळवाल्यांनी केलेला नियम. मी माझी बाजू भरून बसले, बटण काळंच. आणि मग तिच्या बाजूला गव्हाचे चार दाणे येऊन पडले.

ओटी भरली की लेक त्यातले चार दाणे माहेरी परत ठेवते, ही आमची रीत. सगळंच घेऊन गेली तर माहेर रितं होतं, म्हणून. उंबऱ्यात उभं राहून भावजयीनं तळहात पुढं करायचा आणि नणंदेनं त्यावर दाणे ठेवायचे. वन्संनी ते केलं आणि बटण पेटलं. कुठल्या देशात बसून कुणी तो नियम लिहिला असेल, पण त्या दिवशी मला वाटलं, लिहिणाऱ्याला बहीण असणार.

त्यानंतर सणावाराला अशीच ओटी. थोडंसंच, एक कापड, मूठभर धान्य. असं करत काही वर्षं गेली. मालक पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत असायचे आणि अलीकडं त्यांची बहीण माहेरपण भोगत असायची.

मग वन्संच्या पोटात गाठ निघाली.

हेही मला घाटावरच कळलं. शिकारीहून आलो होतो. तिनं लिहिलं, ‘‘वैनी, गाठ निघालीया. मिरजेला ॲडमिट व्हायचंय.’’ मी मालकांना सांगितलं. कुणी सांगितलं म्हणाले, तर मी आपल्या लेकीचं नाव घेतलं. त्यांच्या हातात पंपाचं एक चाक होतं, ते पुसत बसले. मग म्हणाले, ‘‘मिरजेत डॉक्टर चांगले हायत.’’ मला इतका संताप आला की मी भाजीची कढई तशीच गॅसवर ठेवून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी भाजी करपली आणि मालकांनी ती सगळी खाल्ली.

शाळेचं प्रशिक्षण आहे असं सांगून मी मिरजेला गेले. वन्सं खाटेवर एवढ्याशा दिसत होत्या. अंगावरचं सगळं मांस कुणी काढून नेल्यासारखं. मी पिशवीतून खण-नारळ काढायला लागले, तर त्यांनी हात धरला.

‘‘दवाखान्यात ओटी भरत न्हाईत, वैनी. ती माहेरच्या उंबऱ्यात भरायची.’’

‘‘मग चला घरी. मी नेते तुम्हाला. बघते कोण अडवतंय.’’

‘‘दादानं बोलावल्याबिगर न्हाय यायची मी.’’ आणि मग उशाचा मोबाईल दाखवून म्हणाल्या, ‘‘पंचमी आलीया जवळ. तिथं भर की. यंदा नीट भर. समदं घाल.’’

मी समदं घालायचं ठरवलं. टोळीला सांगितलं, आमची हातोडावाली आजारी आहे, आणि आमच्याकडे असा असा रिवाज आहे. माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत त्यांना किती कळलं देव जाणे, पण सगळे कामाला लागले. साडीसाठी आठ पायांच्या कोळ्यांच्या गुहेतून रेशीम आणलं. हिरव्या काचेची कंकणं मिळाली. हळद म्हणून पिवळा रंग, कुंकू म्हणून तांबडा. नारळच काय तो नव्हता त्या राज्यात. बुटका म्हणाला, गोल, टणक आणि आत जीव असलेलं काहीतरी हवंय ना? आणि ते सगळे मिळून डोंगरात गेले आणि ड्रॅगनचं अंडं घेऊन आले. त्या खेळात त्याच्याइतकं दुर्मीळ काही नव्हतं. झोपाळू जादूगार त्या पायी दोनदा मेला, पण तिथं परत उठता येतं.

पंचमीच्या दुपारी वन्सं दवाखान्यातल्या खाटेवरूनच घाटावर आल्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चौकटीत एका वेळी थोडंच मावायचं, म्हणून मी आधी साडी दिली, मग कंकणं, मग हळदकुंकू, मग धान्य, आणि शेवटी अंडं. प्रत्येक वेळी तिकडून चार दाणे आले. मी पोळपाटाशी बसल्यासारखी मांडी घालून जमिनीवर बसले होते आणि मोबाईलवर पाणी पडत होतं ते पदरानं पुसत होते. शेवटी तिचं लिहिलेलं आलं, ‘‘भरलं गं माहेर.’’

दुसऱ्या दिवशी वन्संचं खातं बंद झालं. एका खेळाडूनं दुसऱ्याला मौल्यवान वस्तूंची रांग लावून द्यायची आणि बदल्यात चार दाणे घ्यायचे, हे त्या खेळाच्या राखणदार यंत्राला चोरट्या विक्रीसारखं दिसलं. पैसे बाहेर घेऊन आत माल पोचवणारे लोक असतात म्हणे. मला नुसती ताकीद मिळाली. घेणारीचं दार मात्र लागलं.

त्या दिवशी वन्संनी मला सरळ फोन केला. खेळात भेटायला लागलो तेव्हापासून पहिल्यांदाच. आवाज इतका बारीक की मी आधी ओळखलाच नाही.

‘‘वैनी, मला तिथनं बी काढलं गं.’’

मी खेळवाल्यांना लिहिलं. ओटी म्हणजे काय, माहेर म्हणजे काय, दाणे का परत ठेवतात, सगळं. उत्तर आलं की तुमचा संदेश मिळाला, तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी परत लिहिलं. उत्तर आलं की देवाणघेवाण असमान आढळली, निर्णय कायम आहे. असमान! आईनं लेकराला दूध पाजलं तर तेही ह्यांना असमानच दिसायचं. मी आठवड्याच्या प्रश्नांत विचारलं, तर म्हणाले, एकेकट्या खात्यांबद्दल आम्ही इथं बोलत नाही. त्याच आठवड्यात ड्रॅगनच्या पंखांवर मात्र त्यांनी पानभर उत्तर दिलं होतं. मी मोबाईलला अशा शिव्या दिल्या की शेजारीण खिडकीशी आली.

मग टोळीनंच एक केलं. एका दुपारी घाटावर बघते तर रांग लागलेली. बुटका, तिरंदाज, जादूगार, आणि त्यांनी बोलावून आणलेले कुठले कुठले अनोळखी लोक. एकमेकांसमोर उभे राहून चांगल्या चांगल्या वस्तू देत होते आणि बदल्यात गव्हाचे चार दाणे घेत होते. दाढीवाले, चिलखतवाले दांडगे बाप्ये एकमेकांची ओटी भरत होते. आणि सगळ्यांचा खेळवाल्यांना एकच प्रश्न, आम्हालाही बाहेर काढणार का? मी बघत राहिले, हसले, आणि मग असा हुंदका आला की तो आवरेना.

मालक दुकानातून जेवायला आले होते. दारातच थांबले. म्हणाले, ‘‘काय झालं? मिरजेचा फोन आला का?’’

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. खेळ, घाट, घर, पंचमी, अंडं. त्यांना निम्मं कळलं नसेल. ते खुर्चीत बसले आणि माझ्या हातातल्या मोबाईलकडं बघत राहिले.

‘‘म्हंजे इतकी वर्सं ती येत हुती?’’

‘‘व्हय.’’

‘‘मी घरात आसताना?’’

‘‘तुम्ही त्याच खुर्चीत बसलेले असायचा.’’

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले, त्या पंपाच्या चाकासारखाच. मग म्हणाले, ‘‘एवढा कामाचा रेटा सरू दे. रविवारी जाऊ. हितंच आणू तिला. डॉक्टर काय म्हंत्यात ते बघू, पर आणू.’’

मी लगेच वन्संना फोन लावला. म्हटलं, ‘‘वन्सं, रविवारी तुमचा दादा येतोय तुम्हाला न्यायला. खरंच येतोय.’’ मग त्या हसल्या, अगदी थोडं. म्हणाल्या, ‘‘यादीत हाय म्हण.’’

त्या माझ्याशी शेवटचं बोलल्या ते हे. रविवार उजाडायच्या आधीच जयसिंगपूरहून फोन आला, मिरजेहून वन्संना घरी आणतायत म्हणून.

सवाष्ण गेली की शेवटचं नेसणं माहेरचं. मालकांनी कापड दुकानातून साडी घेतली ती हिरवी, आणि ती पिशवी वाटभर मांडीवरून खाली ठेवली नाही. हातकणंगलं मागं गेलं तेव्हा पिशवीत हात घालून साडी आहे का ते चाचपलं. रस्ता मोकळा होता. कुठं काही आडवं आलं नाही.

बायकांनी वन्संना नेसवलं. ओटी भरायला मला पुढं केलं. तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू. इथं खरा नारळ होता. मी ओटी भरली आणि तशीच थांबले. का थांबले ते माझं मलाच कळलं नाही. मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या, तेव्हा मी खाली बघितलं, तर माझा तळहात पुढं झालेला होता. मी चार दाण्यांची वाट बघत उभी होते.

शेजारी त्यांच्या भावकीतली एक म्हातारी होती. तिनं माझा हात धरून हळूच मागं घेतला आणि मूठ मिटवली. म्हणाली, ‘‘आता ती परत न्हाय देत, बाई.’’

दिवसकार्य उरकून आम्ही घरी आलो त्याच आठवड्यात खेळवाल्यांचं उत्तर आलं. ह्या वेळी माणसानं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं की घाटावरची रांग आम्ही सगळ्यांनी बघितली, मग तुमचं पहिलं पत्र काढून वाचलं. आमची चूक झाली. तुमच्या नणंदबाईंचं खातं उघडलं आहे, सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत, अंडंसुद्धा. त्यांना कळवा, कधीही परत येऊ शकतात. लिहिणारा माणूस चांगला होता. उशीर तर आमच्या घरातही झालाच होता.

पुढं कधीतरी आठवड्याच्या उत्तरांत आलं की बऱ्याच खेळाडूंच्या मागणीवरून नवा बदल करत आहोत. आता परत काही न घेताही दुसऱ्याला देता येईल. समोरची बाजू रिकामी असली तरी चालेल. घेणारा मात्र समोर हजर हवा. मी ते वाचून मोबाईल डब्यांच्या मागं फडताळात ठेवून दिला. घाटावर जायचंच सोडलं.

यंदाच्या पंचमीला मालक दुपारी दुकान बंद करून आले. पंचमीला ते कधी येत नाहीत. हातपाय धुतले, माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, ‘‘दाव मला. ती बसायची कुठं ते.’’

मी फडताळातून मोबाईल काढला. घाट, नदी, घर, चूल, सगळं तसंच होतं. ती बसायची ती पायरी दाखवली. घाटावर छोटे छोटे दिवे सोडलेले होते. ते कधी यादीतून बाहेर आले मला माहीत नव्हतं. मालक चष्मा सरळ करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘‘तिची ओटी भर की.’’

मी त्यांना समजावलं नाही. चौकट उघडली. माझ्या बाजूला कापड ठेवलं, गहू ठेवले. तिच्या नावावर बोट ठेवलं. खाली अक्षरं आली की समोरचा खेळाडू हजर नाही, वाट पाहायची का? हो, नाही.

माझं बोट ‘नाही’कडं गेलं. मालकांनी माझं मनगट धरलं.

‘‘थांब की वाईच,’’ ते म्हणाले. ‘‘रस्त्यात कायतरी आडवं आलं आसंल.’’

वन्संचं हे वाक्य मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं, आणि त्यांनी कधी ऐकल्याचं दाखवलं नव्हतं. मी ‘हो’ दाबलं आणि मोबाईल दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला.